चार नंबरची ट्राम आणि काळा दगड

(दृश्य: दगडी भिंत, अगदी जवळून. कॅमेरा हळूहळू मागे येतो.)

हा दगड बघा. डावीकडचा काळाकुट्ट, उजवीकडचा फिकट पिवळा, हरभऱ्याच्या डाळीसारखा. मधे नखाएवढी फट. एकाच भिंतीत शेजारी शेजारी बसलेत आणि दोघांच्या वयात अडीचशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे.

ही ड्रेस्डेनची फ्राउएनकिर्श. पूर्व जर्मनीतलं शहर, एल्बे नदीच्या काठावर. हे चर्च १७२६ ते १७४३ मध्ये बांधलं, वर तो प्रचंड दगडी घुमट. फेब्रुवारी १९४५ मध्ये शहरावर बॉम्बवर्षाव झाला, त्या आगीत दोन दिवस हा घुमट तसाच उभा होता आणि १५ फेब्रुवारीच्या सकाळी कोसळला. मग पंचेचाळीसहून जास्त वर्षं तो ढिगारा इथेच पडून होता, युद्धाची आठवण म्हणून. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर त्यातून एकेक दगड काढला, मापं घेतली, नंबर घातले, आणि जो कुठला होता तो शक्यतो तिथेच परत बसवला. २००५ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. घुमटावरचा सोनेरी क्रॉस इंग्लंडमधून आला, आणि तो घडवणाऱ्या सोनाराचे वडील १९४५ च्या त्या हल्ल्यात विमान चालवत होते.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं हे काळे दगड म्हणजे आगीत जळालेले दगड. बऱ्याच लोकांना तसंच वाटतं. पण तसं नाहीये. हा इथलाच वालुकाश्म, एल्बेच्या वरच्या अंगाच्या डोंगरातला, त्यात लोहाचा अंश असतो, आणि हवा, पाऊस, काजळी यांनी तो वर्षानुवर्षं आपोआप काळवंडत जातो. म्हणजे हे पिवळे दगडसुद्धा एक दिवस काळे होणार. आज कुठला जुना कुठला नवा हे शेंबडं पोरही सांगेल, पण शंभर-दीडशे वर्षांनी बघणाऱ्याला ते कळायचं नाही. हा जो ठिपक्याठिपक्यांचा घुमट आहे ना, तो फक्त आपल्याच काळात असा दिसतोय, आणि म्हणून मी दर वर्षी इथे येतो, त्याच जागी उभा राहतो, तीच लेन्स लावतो आणि ढगाळ उजेडात एक फोटो काढतो. ढगाळच, कारण ऊन असलं की सावल्यांमुळे काळ्या-पिवळ्याचा खरा फरक हाती लागत नाही.

(दृश्य: थिएटरप्लात्स चौक, सकाळ. ओले फरसबंदी दगड, त्यात रूळ चमकतायत.)

आता सप्टेंबरची सकाळ, सातच्या आसपास. समोर झेम्पर ऑपेरा. पहिली इमारत १८४१ ची, ती १८६९ मध्ये जळाली, दुसरी १८७८ ची, ती १९४५ मध्ये गेली, आणि आत्ता दिसतीय ती परत बांधून १३ फेब्रुवारी १९८५ ला उघडली, बॉम्बहल्ल्याला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी. दर्शनी भिंत साधारण पूर्वेकडे, त्यामुळे इथे यायचं तर सकाळीच, दुपारनंतर सगळा दर्शनी भाग सावलीत जातो.

आणि चौकाच्या या कडेनं जाते ट्राम. पिवळीधमक. ४, ८ आणि ९ नंबर. इथल्या सगळ्यात लांब गाड्या ४५ मीटरच्या आहेत, चार नंबरची तेवढी नसली तरी लांबलचकच, फ्रेममध्ये पूर्ण शिरली की अर्धा ऑपेरा झाकून टाकते. म्हणून गाडीचं तोंड डाव्या कडेला शिरलं की लगेच क्लिक. एक सेकंद उशीर झाला की नुसता पिवळा पट्टा मिळतो. दुसरी गोष्ट पाटीची. गाडीवरची पाटी एलईडीची, शटर फार फास्ट ठेवलं तर निम्मी अक्षरं गायब होतात, आणि पाटीच वाचता येत नसेल तर पुढे कोणाला कळणार ही कुठली गाडी, कुठे चालली होती. मी १/१०० च्या आसपास ठेवतो आणि गाडी वळणावर हळू होईपर्यंत थांबतो. ओव्हरहेड वायर फ्रेममध्ये येतातच, लोक त्या एडिटिंगमध्ये पुसून टाकतात. मी पुसत नाही. या शहरात १८७२ पासून ट्राम आहे, आधी घोड्यांची, १८९३ पासून विजेची. वायर हा या चौकाचाच भाग आहे.

शेजारी राजवाडा. आत रत्नांच्या दालनात डिंगलिंगर नावाच्या सोनारानं १७०१ ते १७०८ मध्ये घडवलेला औरंगजेबाचा दरबार आहे, सोनं, मीनाकाम, हजारो हिरे, मध्ये सिंहासनावर छोटासा बादशहा. मला तिथे उभं राहून एकच सुचलं, की इथे हा दिमाख घडत होता त्याच वर्षांत खरा औरंगजेब आपल्याकडे पन्हाळा, सिंहगड करत एकेका गडाखाली तंबू ठोकून बसला होता, आणि हे काम पुरं व्हायच्या आधीच, १७०७ मध्ये, अहमदनगरजवळ गेला.

असो, चला पुलाकडे.

(दृश्य: नदीचा पलीकडचा काठ, गवत. पाण्यात मनोऱ्यांचं प्रतिबिंब.)

ऑगस्टस पूल, आताचा पूल १९१० चा. खासगी गाड्या आता यावरून जात नाहीत, त्यामुळे फ्रेम मोकळी मिळते: ट्राम, सायकली, चालणारी माणसं. पलीकडच्या काठावरून बघितलं की घुमट, मनोरे, पूल सगळं एका ओळीत. हाच देखावा बेर्नार्डो बेलोत्तो या चित्रकारानं १७४८ मध्ये रंगवला. लोक त्याला कानालेत्तो म्हणूनच ओळखतात.

मागच्या वेळी मी आलो तर समोरच्या एका इमारतीला परांची बांधलेली. इतका लांबून आलो, तीनच दिवस हातात आणि समोर बांबूऐवजी लोखंडी पाइप आणि जाळी. फार वाईट वाटलं. दुपारी म्युझियममध्ये जाऊन ते मूळ चित्र बघितलं, आणि त्यात हॉफकिर्शचा, म्हणजे दरबारी चर्चचा, मनोरा बघतो तर त्यालाही परांची! १७४८ मध्ये त्याचं काम चालू होतं आणि बेलोत्तोनं ते आहे तसं रंगवलं. आणि डावीकडे फ्राउएनकिर्शचा घुमट, तेव्हा पाच वर्षांचा, एकही काळा दगड नाही. मी परत काठावर आलो आणि परांचीसकट फोटो काढला.

(दृश्य: नदीवर, वरच्या बाजूला. जिथे पूल होता तिथे मोकळं पाणी.)

इथे कारोला पूल होता. १९७१ चा, काँक्रीटचा. बाकीच्या देखण्या पुलांपुढे साधा, त्यामुळे कोणी मुद्दाम फोटो काढत नव्हतं. ३ आणि ७ नंबरच्या ट्राम यावरून जायच्या. ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास ट्रामचे रूळ होते तोच भाग नदीत कोसळला. त्याच्या थोडाच वेळ आधी एक ट्राम त्यावरून गेली होती. कोणालाही इजा झाली नाही. काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा आतल्या आत गंजून तडकत गेल्या होत्या, बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता. उरलेला पूलही २०२५ मध्ये पाडला.

माझ्याकडे त्या पुलावरच्या ट्रामचा एकच फोटो आहे. चालता चालता मोबाइलवर काढलेला, हा बघा. पावसाळी हवा, गाडी थोडी हललेली, कडेला कोणाची तरी छत्री आलीय. आता तो मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त जपावासा वाटतो.

(दृश्य: मुख्य स्टेशन. छताखालचा मऊ पांढरा उजेड.)

स्टेशन १८९८ चं, आणि त्याची गंमत अशी की मधले प्लॅटफॉर्म खाली, तिथे गाड्या येऊन थांबतात, आणि दोन्ही बाजूंचे वर, तिथून गाड्या आरपार जातात. एका फ्रेममध्ये दोन मजल्यांवर गाड्या मिळतात. वरचं छत ब्रिटिश वास्तुकार नॉर्मन फॉस्टरच्या ऑफिसचं काम, काचतंतूचं कापड, जाडी मिलिमीटरहूनही कमी, जुन्या लोखंडी कमानींवर ताणून बसवलंय. उजेड गाळून येतो, गडद सावली कुठेच नाही. हे काम चालू असतानाच ऑगस्ट २००२ चा पूर आला. वायसेरिट्स नावाची छोटी नदी, तिचं पात्र १८९० च्या दशकात वळवून टाकलेलं, ती आपल्या जुन्या वाटेनं निघाली आणि थेट स्टेशनातून वाहिली. इथे फार वेळ थांबलो नाही, गर्दी होती आणि लोकांचे चेहरे मला नको असतात.

(दृश्य: चार नंबरच्या ट्राममधून. घरं, द्राक्षांचे मळे.)

शेवटी परत चार नंबर. तीच गाडी, ऑपेरासमोरची, नदी ओलांडून शहराबाहेर राडेबॉइलला जाते. वायसेस रॉस नावाच्या स्टॉपवर उतरायचं. इथे रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत, १४५० मिलिमीटर रुंदीचे, नेहमीच्या रेल्वेपेक्षा १५ मिलिमीटर जास्त, ही ड्रेस्डेनची खासियत. आणि त्यांना आडवे छेदून जातात ७५० मिलिमीटरचे चिमुकले रूळ. १८८४ ची नॅरो गेज लाइन, मोरित्झबुर्गवरून राडेबुर्गपर्यंत साडेसोळा किलोमीटर, आणि अजून कोळशाच्या इंजिनावर चालते.

मी पाऊण तास उभा होतो. आधी शिट्टी लांबून. मग सिग्नल लाल, चार नंबर थांबली, ड्रायव्हरबाईंनी स्टिअरिंग नसलेल्या त्या केबिनमध्ये हात मांडीवर ठेवले आणि त्याही बघायला लागल्या. इंजिन आलं, ठोके ऐकू येत होते, रुळांच्या छेदावर चाकं खडखडली, धूर वर जाऊन ट्रामच्या वायरमध्ये घुटमळला आणि दोन सेकंद पिवळी गाडी दिसेनाशीच झाली. तेवढ्यात तीन फोटो. मधला चांगला आलाय.

धूर विरला, सिग्नल मिळाला, चार नंबर पुढे गेली. मी परतीची गाडी पकडली, मागच्या सीटवर बसून कॅमेरा पुसला, आणि फडक्यावर बघितलं तर काजळीचा एक काळा पट्टा.