कर्जात पेरलेलं बी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘इंग्रजी स्पेलिंगच्या नेहमीच्या चुका आणि दुरुस्ती’. दुरुस्तीकडे येतोच, पण आधी एक तक्रार. स्पेलिंग चुकलं की आपण पोराला म्हणतो, ‘घोकलं नाहीस!’ ते बिचारं कानाला ऐकू येईल ते लिहीत असतं. देवनागरीनं लावलेली सवय ती. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा छळ आहे, मान्य. पण न उच्चारायचं अक्षर मुद्दाम आणून बसवण्याची हौस आपल्याला नव्हती.

इंग्रजांना होती. डेट म्हणजे कर्ज. हा शब्द त्यांनी फ्रेंचांकडून उचलला तेव्हा त्यात बी नव्हताच. डी-ई-टी-टी-ई असंही लिहीत. पुढे पंडितांना लॅटिनचं वेड लागलं. मूळ शब्द ‘डेबिटम’, मग बी दिसायला नको? झालं, कर्जात बी पेरलं! उच्चार मात्र होता तसाच राहिला. डाउटमधला बीही असाच आला. रिसीटमध्ये ‘रेसेप्टा’चा पी घुसवला, पण त्याच घराण्यातले डिसीट आणि कन्सीट कोरडेच राहिले, एका भावाच्या नावावर जमीन आणि बाकीचे दोघे बघताहेत. आयलंडची तर वंशावळच खोटी. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात एस कधीच नव्हता. लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’शी त्याचं नातं जुळवलं आणि तिथला एस याच्या गळ्यात मारला.

आता या उपद्व्यापाचा फायदा बघा. पासबुकातल्या ‘डेबिट’मध्ये तो बी स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे मुकं अक्षर आठवेना तर शब्दाच्या नातेवाइकाला विचारायचं. साइनमधला जी सिग्नेचरमध्ये बोलतो, रिसीटचा पी लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, बॉम्बच्या शेवटचा बी बॉम्बार्डमध्ये. अस्पष्ट स्वरांनाही हाच उपाय. ग्रामरच्या शेवटी ई-आर की ए-आर? ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणा, ए सापडला. डेफिनिटमध्ये ए घालायचा मोह झाला तर पोटातला ‘फायनाइट’ पाहा: एफ-आय-एन-आय-टी-ई. सेपरेटच्या मध्ये पी-ए-आर आहे, प्रिपेअरसारखंच; दोघांचं लॅटिन मूळ एक.

पण नातेवाईक दगाही देतात. सोसायटीच्या नोटिशीतलं ‘मेंटेनन्स’ घ्या. मेंटेनला नुसतं शेपूट जोडलं की चुकलंच. एम-ए-आय-एन, मग टी-ई-एन, मग ए-एन-सी-ई. मधल्या ‘टेन’मध्ये ए-आय नाही. तसंच प्रोनाउन्सचं नाम करताना एनपुढचा ओ गळतो: प्रोनन्सिएशन. उच्चाराच्याच शब्दाचा उच्चार चुकतो आणि मागोमाग स्पेलिंगही.

बरं, चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. अक्षर दोनदा लिहिण्याचा नियम हाच खरा आजचा विषय होता, तर तो पळतपळत सांगतो. क्रियापदाच्या शेवटी एक स्वर, एक व्यंजन आणि जोर शेवटच्या अवयवावर असेल, तर ईडी-आयएनजी लावताना व्यंजन दोनदा. रिफरवर जोर शेवटी, म्हणून रिफर्डमध्ये दोन आर. ऑफरवर जोर सुरुवातीला, म्हणून ऑफर्डमध्ये एकच. बिगिनिंगला दोन एन, ओपनिंगला एक. रेफरन्समध्ये जोर सुरुवातीकडे सरकला, म्हणून आर एकच. ‘घडलं’ या अर्थाच्या अकर्डला दोन सी, दोन आर. अपवाद एलचा: ब्रिटिश पद्धतीत जोर कुठेही असो, ट्रॅव्हल्डला दोन एल, अमेरिकेत एक. त्यामुळे आपला ‘कॅन्सल्ड’ चेक दोन एलचा. कॅन्सलेशनला मात्र अमेरिकेतही दोनच.

‘ईच्या आधी आय, सीनंतर उलट’ हे पालुपद दीर्घ ईच्या उच्चारापुरतंच धरा: बिलीव्ह, रिसीव्ह. तरी सीझ आणि प्रोटीन ऐकत नाहीतच. अकोमोडेटला दोन सी, दोन एम. प्रिव्हिलेजमध्ये डी नाही. प्रॅक्टिस, लायसन्स: ब्रिटिश पद्धतीत नाम सीनं, क्रियापद एसनं, ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ ही जोडी कानानं आठवा, फरक ऐकूच येतो.

शेवटचं, पाट्यांवरचं. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय, एन्व्हलपचा ई लक्षात ठेवा. ए-आर-वाय लिहिलं तर अर्थ होतो ‘जागचं न हलणारं’. दुकानाबद्दल तेही खोटं नाही म्हणा.