तरंगेल तो कोळसा

झारखंड. झरियाचं कोळसाक्षेत्र. ही वॉशरी, म्हणजे कोळशातला दगड वेगळा काढणारा कारखाना. पट्ट्यावरून चाललेला हा माल सगळा एकसारखा काळा दिसतो. यात कोळसा किती आणि दगड किती, ते नुसतं बघून सांगता येत नाही.

हा गोंडवन काळातला कोळसा, 25 कोटी वर्षांहून जुना. झाडांबरोबर नद्यांचा गाळही दबला, म्हणून शेल दगड कोळशाच्या अंगातच शिरलेला आहे. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही.

त्यासाठी टाकीतला हा काळा द्रव: पाणी आणि मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची अतिबारीक भुकटी. पाण्याची घनता 1 धरली, तर चांगल्या कोळशाची 1.3 च्या आसपास, शेलची 2 च्या वर. द्रव या दोन्हींच्या मधला ठेवला, की कोळसा तरंगतो आणि दगड तळ गाठतो. भाताचं बियाणं आपण मिठाच्या पाण्यात टाकतो, पोचट दाणे वर येतात, ते फेकतो. इथे वर येतो तोच ठेवायचा.

आता सायक्लोन. 1940 च्या दशकात नेदरलँड्सच्या सरकारी खाणींत हे यंत्र घडलं. द्रव आणि कोळसा जोरानं आत शिरून गरगर फिरतात. जड दगड भिंतीला लागून खालच्या तोंडातून बाहेर, हलका कोळसा मधून वर.

आणि हे ऑपरेटर. पाइपावर घनतामापक आहे, तरी हे 1 लिटरचा डबा काठोकाठ भरून काट्याला अडकवतात. काटा 1.45 वर हवा. जरा वर सरकला, तर दगड चिकटलेले तुकडेही तरंगतात आणि राख वाढते. जरा उतरला, तर चांगला कोळसा दगडाबरोबर टाकला जातो. झरियाच्या मालात घनतेच्या या सीमेवरचे तुकडेच फार, त्यामुळे इथला धुणारा जगातल्या कुठल्याही वॉशरीतल्या माणसापेक्षा कमी कसबी असून चालत नाही. हे कसब कुणी मोजत नाही, म्हणून कॅमेरा इथे थांबलाय.

चाळणीवर कोळशाला फवारा बसतो, भुकटी धुऊन निघते. पुढे चुंबकाचा ड्रम. पाणी खाली जातं, मॅग्नेटाइट ड्रमला चिकटून वर येतं आणि पुन्हा टाकीत पडतं.

उरलेला काळा गाळ तळ्यांत साठतो; दामोदर नदीनंही तो बराच सोसलाय.

धुतलेला कोळसा वॅगनमध्ये भरतोय, पोलाद कारखान्यांसाठी. पोलादासाठी लागणारा हा कोकिंग कोळसा आपण आजही मुख्यतः परदेशातून आणतो, सर्वांत जास्त ऑस्ट्रेलियातून. झरियाच्या वॉशऱ्या नीट चालवणं म्हणूनच आज गरजेचं आहे.