जुन्या ट्रॅक्टरला जोडलेला नवा जॅक

श्रोतेहो, नमस्कार. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेला, पन्नास-साठ वर्षांचा ट्रॅक्टर ज्यांच्या गोठ्याशेजारी अजून उभा आहे आणि अजून चालतोही आहे, त्यांच्यासाठी आज बोलणार आहे. अशा ट्रॅक्टरचे इंजिन बहुधा ठणठणीत असते, थकलेली असते ती लिफ्ट. औजाराची तीन ठिकाणची जोडणी आणि तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट यांची सांगड हॅरी फर्ग्युसन यांनी घातली. 1946 पासून कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागलेल्या त्यांच्या छोट्या राखाडी ट्रॅक्टरने ती जगभर नेली. पण ती लिफ्ट नांगर उचलण्यासाठी होती, शेणखताने भरलेली ट्रॉली पालथी करण्यासाठी नव्हे. त्यासाठी ट्रॉलीखाली वेगळा जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने लांब होणारा दट्ट्या, बसवावा लागतो.

तेव्हा पहिली गोष्ट. गिअरपेटीतले तेल आणि ट्रॉलीच्या जॅकचे तेल एक करू नका. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्ट आणि गिअर एकाच तेलात चालतात. आतून 100 मिलिमीटर व्यासाचा आणि एक मीटर उचलणारा जॅक पूर्ण वर गेला की जवळजवळ 8 लिटर तेल पोटात घेतो. ट्रॉली वर असताना तेवढे तेल गिअरपेटीतून गेलेले असते आणि परत येताना जॅकमधली धूळ घेऊन येते. म्हणून पुन्हा सांगतो, दोन्ही तेले वेगळी ठेवा. पंप वेगळा, 25 लिटरची टाकी वेगळी, वॉल्व्ह वेगळा. मिनिटाला 20 लिटर देणारा गिअर पंप तो जॅक अर्ध्या मिनिटाच्या आत उचलतो, पण चौरस सेंटिमीटरला 150 किलोच्या दाबावर त्याला सात-आठ अश्वशक्ती लागते. एका बारीक पट्ट्यावर पंप फिरवायला गेलात तर पट्टा किंचाळतो आणि घसरतो. पंप इंजिनाच्या पुढच्या पुलीला सरळ रेषेत कपलिंगने जोडावा, आणि रिलीफ वॉल्व्ह (दाब फार वाढला की तेल टाकीत परत सोडणारी झडप) नसेल तर इंजिन सुरूच करू नये. (जुन्या ट्रॅक्टरला चकचकीत रंग देऊन त्यावर कर्णे बसवणाऱ्या मंडळींनी तोच पैसा चांगल्या होज पाइपावर खर्च केला, तर गावाला झोप लागेल आणि ट्रॅक्टरलाही आयुष्य मिळेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.)

आता माझ्या मामांची हकीकत ऐका. मामांच्या ट्रॅक्टरला मी आणि तालुक्याच्या गावचा एक फिटर, अशा दोघांनी मिळून ही सगळी जोडणी केली होती. मामेबहिणीच्या लग्नाला दोन दिवस उरले होते, आणि दारातला शेणखताचा ढीग मांडवापूर्वी परसातल्या खड्ड्यात हलवायचा होता. ट्रॉली भरली, खड्ड्याशी नेली, मामांनी लिव्हर ओढला आणि ट्रॉली अशी डौलात उठली की ओसरीवरच्या बायकांनी हातातले गहू निवडायचे थांबवले. खत घसरून खाली पडले. मामांनी लिव्हर उलटा केला. ट्रॉली जागची हलली नाही. इंजिन बंद केले, पुन्हा सुरू केले, लिव्हर दहा वेळा पुढेमागे केला, तरी ट्रॉली आकाशाकडे तोंड करून तशीच उभी. बोळावरून विजेच्या तारा गेलेल्या, त्यामुळे तशीच ओढत नेण्याचीही सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत निम्मा गाव बघून गेला. सकाळी त्याच ट्रॉलीतून आचाऱ्याची भांडी आणि सतरंज्या आणायच्या होत्या, आणि मामी माझ्याशी एक शब्दही बोलत नव्हती.

रात्री आठच्या सुमारास शेजारच्या वाडीतले तात्या आले. त्यांचे आयुष्य साखर कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर गेलेले. त्यांनी लिव्हरला हातही लावला नाही. आधी बाभळीचे जाड लाकूड मागवून ते ट्रॉलीचा हौदा आणि चासी यांच्यामध्ये ठोकून बसवले. कितीही घाई असली तरी टेकू दिल्यावाचून उचललेल्या ट्रॉलीखाली जायचे नाही, हे मीही पुन्हा सांगतो. मग जॅकजवळचा पाइपाचा नट पान्याने जेमतेम पाव फेरा सैल केला. तेल पाझरू लागले, हौदा करकरत लाकडावर टेकला, तेव्हाच त्यांनी कपलर, म्हणजे ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा तेलाचा पाइप जोडणारा सांधा, सोडून विजेरी मारली. आत गवताच्या काडीसकट चिखलाचा गोळा होता. आदल्या आठवड्यात तो पाइप मी उघडाच जमिनीवर लोंबत ठेवला होता.

कपलरच्या दोन्ही अर्ध्या भागांत स्प्रिंगवर बसलेले एकेक बूच असते. कपलर पुरता बसला तरच ती बुचे एकमेकांना रेटून उघडी राहतात. तो अर्धवट बसला की पंपाचा जोर ट्रॉलीकडचे बूच ढकलून तेल आत घुसवतो, परत येताना मात्र तेच तेल ते बूच दाबून बंद करते. जाते, पण परतत नाही. कपलर बसवताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे, मला तो आला नव्हता आणि मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. तात्यांनी रॉकेलने कपलर धुतला, टक् करून बसवला, नट आवळला, ट्रॉली तसूभर उचलून लाकूड काढले आणि ती अलगद खाली आणली. फडक्याने पाइपभोवती हात फिरवून गळती शोधायला मी निघालो होतो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. सुईच्या भोकातून दाबाने निघालेले तेल कातडीच्या आत शिरते, गळती पुठ्ठ्याने पाहायची, हाताने नाही.

मामांचा विश्वास मात्र उडालेला होता. सकाळी भांडी आणायला निघण्यापूर्वी त्यांनी लिव्हरचा दांडा आटे फिरवून काढला आणि कोटाच्या खिशात घातला, तो कोट त्यांनी लग्नातही उतरवला नाही. तिसरे मंगलाष्टक चालू असताना मामा अक्षता टाकायला वाकले, आणि तो दांडा खणकन् भटजींच्या ताम्हनात पडला.