एक काळा, एक गोरा, एक सोनेरी केसांची

(पडद्यावर अंधारा बोगदा. धावणाऱ्या पावलांचा आवाज.)

तीन तरुण माणसं अंधारातून धावताहेत. कुणाच्या मागे लागली आहेत, की कुणापासून पळताहेत? 24 सप्टेंबर 1968 च्या मंगळवारी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 'द मॉड स्क्वॉड' ही मालिका सुरू झाली आणि मार्च 1973 पर्यंत, पाच हंगाम, ही तिघं धावत राहिली. ती नेमकी कुणाच्या बाजूनं धावत होती, यावर तेव्हाच्या प्रेक्षकांचं एकमत नव्हतं. आज जुने भाग काढून बघणाऱ्यांचंही नाही.

आधी ही तिघं कोण, ते बघू.

पीट कॉक्रन हा बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत घरातला मुलगा. आईवडिलांनी घराबाहेर काढलेला, मोटार चोरताना पकडलेला. ज्युली बार्न्स सॅन फ्रान्सिस्कोहून पळून आलेली, आई वेश्याव्यवसायात, स्वतःला राहायला छप्पर नाही. आणि लिंक हेज, कृष्णवर्णीय, तेरा मुलांच्या कुटुंबातला, लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतल्या दंगलीत अटक झालेला. एरवी ही तिघं एका टेबलाशी चहालासुद्धा बसली नसती. लॉस एंजेलिस पोलिसांतला कॅप्टन ॲडम ग्रीअर त्यांना एकत्र आणतो आणि विचारतो: तुरुंग हवा, की माझ्यासाठी काम करणार? साध्या वेशात, हत्याराशिवाय.

कल्पना बड रस्किन यांची. ते स्वतः पोलिसात होते आणि वेश पालटून काम करणाऱ्या तरुण पोलिसांचं जग त्यांनी आतून पाहिलं होतं. ती पडद्यावर आली ॲरन स्पेलिंग आणि डॅनी थॉमस या निर्मात्यांमुळे. वाहिनीची जाहिरात होती: एक काळा, एक गोरा, एक सोनेरी केसांची. आज हे वाक्य थोडं उथळ वाटेल. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीअखेर, शहरांमधल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगानं सांगितलं होतं की अमेरिका दोन समाजांकडे चालली आहे, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि असमान. तो अहवाल ताजा असताना सात महिन्यांनी हे दोन शब्द एका पोलीस पथकाच्या जाहिरातीत शेजारी शेजारी उभे राहिले.

(1968 ची छायाचित्रं, एकामागून एक.)

ते वर्षच तसं होतं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून. जूनमध्ये, याच लॉस एंजेलिस शहरात, रॉबर्ट केनेडी यांचा. ऑगस्टअखेर शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी तरुणांना दंडुक्यांनी झोडपलं, आणि ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत त्याच टीव्हीवर लांब केसांची, मण्यांच्या माळा घालणारी मुलं पोलिसांचं काम करताना दिसली.

राग येणारच होता. 'फिंक' ही तेव्हाची शिवी. मराठीत तिला नेमका शब्द आहे: फितूर. हिप्पींच्या वेशातले फितूर, अशी या तिघांची संभावना झाली. ज्यांचे मित्र गांजाच्या एका पुडीपायी तुरुंगात गेले होते, किंवा ज्यांच्या सभेत शेजारी बसलेला दाढीवाला पुढे साध्या वेशातला पोलीस निघाला होता, त्यांना ही मालिका म्हणजे पोलिसांनी केलेली स्वतःची जाहिरात वाटली. हा आक्षेप मी कधीच झटकून टाकू शकले नाही. विश्वास मिळवायचा आणि मग तो पोलिसांच्या हवाली करायचा, हे या कामाच्या मुळाशीच आहे. पोशाख कितीही आपला असो.

मालिकेनं यावर एक उत्तर शोधलं होतं. ही तिघं शक्यतो पोरांना पकडणार नाहीत. पोरांना नासवणाऱ्या, त्यांच्या जिवावर पैसा करणाऱ्या मोठ्यांच्या मागे लागतील. हे उत्तर मला अर्धंच पटतं. पण या वाटेनं मालिका जिथं गेली, तिथं तेव्हाच्या पोलीसकथा क्वचित जात: व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचं उद्ध्वस्त मन, गर्भपात, मुलांना होणारी मारहाण, गरीब वस्त्यांतले लुबाडणारे घरमालक, पोलिसांचे स्वतःचे अत्याचार. संध्याकाळी साडेसातला, घरातली पोरंबाळं जागी असताना.

(लिंकचा चेहरा. गडद चष्मा, मोठे कुरळे केस.)

आणि मग लिंक. या मालिकेबद्दल कुणाशीही बोला, गोष्ट शेवटी क्लॅरन्स विल्यम्स तिसरे यांच्यापाशी येते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला, छत्रीधारी सैनिक राहिलेला, ब्रॉडवेच्या रंगभूमीवर टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळवलेला हा नट. आजोबा जॅझचे संगीतकार, आजी ब्लूज गायिका. विल्यम्स संवाद कमी बोलतात. पीट आणि ज्युली बोलत असताना लिंक नुसता ऐकतो, आणि आपली नजर त्याच्यावरच राहते. 'सॉलिड' हा त्याचा एका शब्दाचा होकार तर लोकांच्या तोंडी बसला. वॉट्सच्या खऱ्या दंगलीत, ऑगस्ट 1965 मध्ये, सहा दिवसांत 34 माणसं मेली. ठिणगी पडली ती पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची मोटार अडवली तेव्हा. त्याच वॉट्समध्ये अटक झालेला माणूस आता पोलिसांच्या बाजूनं उभा आहे, ही अडचण विल्यम्स विसरू देत नाहीत. ती त्यांच्या खांद्यांत दिसते, ग्रीअरसमोर उभं राहण्यात दिसते. म्हणूनच ज्यांना मालिका फितुरांची वाटली, त्यांतल्याही कित्येकांना लिंक आपला वाटला असेल, असं मला मनापासून वाटतं.

एका भागात लिंक ज्युलीचा मुका घेतो. मैत्रीतला, साधा. वाहिनी घाबरली. कृष्णवर्णीय पुरुष आणि गोरी मुलगी! असे विवाह बेकायदा ठरवणारे राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले होते ते 1967 मध्ये, म्हणजे अगदी आत्ता आत्ता. तक्रारीची हजारो पत्रं येतील, असा इशारा स्पेलिंग यांना मिळाला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं, की एकही आलं नाही.

प्रेक्षकांना काय झेपेल हे ठरवणारे लोक प्रेक्षकांना किती कमी ओळखत होते!

ज्युलीबद्दल मात्र माझं मन दुभंगतं. पेगी लिप्टन यांना या भूमिकेसाठी 1971 मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला, आणि तो त्यांचाच होता. त्यांच्या डोळ्यांत सतत एक भीती आहे, पळून आलेल्या मुलीची. पण लेखकांनी तिला पुन्हा पुन्हा संकटात टाकलं, म्हणजे दोघांना धावत येता यावं. तिचा स्वतःचा तपास, तिचं स्वतःचं डोकं अजून दिसायला हवं होतं.

आज बघताना काही गोष्टी अडतात. वेग संथ आहे, तेव्हाची तरुणांची बोली पार शिळी झाली आहे. 1999 मध्ये याच नावाचा चित्रपट आला, नवी मंडळी घेऊन, आणि साफ पडला. मला त्याचं नवल वाटलं नाही. तिथं कपडे होते, पथक होतं, पण तिघांना एकमेकांपासून दूर ठेवणारं 1968 नव्हतं.

(पुन्हा बोगदा. आवाज बंद.)

पेगी लिप्टन 2019 मध्ये गेल्या, क्लॅरन्स विल्यम्स 2021 मध्ये. पीटची भूमिका करणारे मायकल कोल डिसेंबर 2024 मध्ये. तिघांतले ते शेवटचे.