शक्ती-तुरा, रॅप आणि पोलीस ठाणं

नमस्कार मंडळी.

आपल्या इथल्या मंडळाच्या कार्यकारिणीने मला विषय दिला ‘कोकणची लोककला आणि नवी पिढी’. सोबत प्रेमाची सूचना होती की राजकारण नको, उगाच जेवणाआधी वाद होतात. पण नव्या पिढीची गाणी ऐकल्यावर ही सूचना पाळणं मला काही जमेना. तेव्हा जेवण थोडं गार झालं तर दोष माझा.

माझा एक पुतण्या राजापूर तालुक्यात राहतो आणि रॅप करतो. स्टुडिओ वगैरे काही नाही. माळ्यावर अंगावर गोधडी घेऊन बसायचं, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज गोधडीतूनही येतो. “काका, तो काढायला जमेना, मग त्याच्यावरच ताल धरला,” म्हणाला. गाणी कशावर? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर का लागतो, यावर. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गावर. आणि रिफायनरीवरून वाद पेटलेल्या आमच्या तालुक्यातल्या बारसूवर.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, हे काय अमेरिकेतलं खूळ! मी त्यांना शक्ती-तुऱ्याची, म्हणजे दोन पार्ट्यांच्या गाण्यातल्या सामन्याची, आठवण करून दिली. गाणारे मध्ये बसलेले, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरतायत, गण झाला, गवळण झाली, की शाहीर समोरच्या पार्टीला सवाल टाकतो. शक्ती थोरली की शिव, इथून सुरुवात. मग समोरच्याचं ज्ञान, त्याचा गुरू, त्याचा गळा, काही म्हणता काही सुटत नाही. परळ-लालबागच्या चाकरमान्यांनी या बाऱ्या, म्हणजे हे सामने, पहाटेपर्यंत ऐकल्यात. त्यांच्या नातवाने बीटवर दुसऱ्याला यमकात झोडपलं, तर ते परकं कसं?

तिकडची गोष्ट तरी कुठे वेगळी आहे? ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. तिथून हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातलं त्या संगीताचा, जन्म धरतात. हा हर्क मूळचा जमैकाचा. किंग्स्टनच्या गल्ल्यांत मोठाले स्पीकर लावून संगीतावर बोलायची रीत होती, ती लहानपणापासून त्याच्या कानात होती. म्हणजे तोही चाकरमानीच म्हणायचा.

आता चेन्नईची रॅपर सोफिया अश्रफ हिच्याबद्दल सांगतो, कारण गाण्याने काय होतं आणि काय होत नाही, ते तिच्या गाण्यात नीट दिसतं. कोडाईकनालला हिंदुस्थान युनिलिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. पाऱ्याचा कचरा बाहेर टाकल्याचं उघड झालं आणि २००१ मध्ये तो बंद पडला. कामगार आजारपणाच्या तक्रारी घेऊन वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. २०१५ मध्ये सोफियाने निकी मिनाजच्या एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर रॅप केलं, ते लाखो लोकांनी पाहिलं. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. हे गाण्याने घडवलं असं मी म्हणणार नाही. कागद कामगारांनी जमवले, तारखांना तेच गेले. पण इतकी वर्षं ज्यांना ते ऐकूही येत नव्हते, त्यांना गाण्यामुळे ऐकू आले.

आणि ती उसनी चाल! आपल्या भजनी बुवांच्या वह्या कधी बघितल्यात? पानाच्या डोक्यावर ‘चाल:’ लिहून पुढे सिनेमातल्या गाण्याचं नाव, खाली शब्द विठोबाचे. लोकांच्या ओठांवरची चाल घेतली की आपले शब्द पोचवायला निम्मे कष्ट वाचतात, हे डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, करणाऱ्या कुठल्याही बुवांना विचारा.

महाराष्ट्रातही हे चाललंय. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने २०१९ मध्ये आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या जमिनीवर गाणं केलं. एप्रिल २०२३ मध्ये मात्र गंमत संपली. राज मुंगासे या तरुणाने सत्ताबदल आणि पन्नास खोक्यांवर रॅप केलं, तर अंबरनाथच्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्याच्या शेवटी बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. बंदोबस्त, जमावबंदी, भर उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्या बायका, हे आपण सगळ्यांनी इथे बसून मोबाइलवर पाहिलं. त्याच सड्यावरची कातळशिल्पं वर्षभर आधी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली होती.

पुतण्याचं बारसूवरचं गाणं अजून गोधडीबाहेर आलेलं नाही. माझा भाऊ त्याला एवढंच म्हणतो, “केस झाली तर पासपोर्टच्या चौकशीला काय सांगशील?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः पासपोर्ट घेऊन इकडे परदेशात आलेला माणूस. त्याला ‘बिनधास्त गा’ म्हणायला माझं काय जातं? तरीही मला वाटतं, देवळात गुरव सगळ्या गावासमोर गाऱ्हाणं घालतो आणि मागून ‘व्हय महाराजा’ म्हणणारे शंभर गळे असतात, म्हणून त्याला एकटं वाटत नाही. रॅप करणाऱ्या पोराच्या मागे कोण आहे? लाइक करणारे पुष्कळ आहेत, पण वकिलाची फी भरायला कुणी तयार आहे का, ते सांगा.

गावात रिफायनरी हवी म्हणणारेही आहेत, त्यांची पोरंही घरी बसलेली आहेत. त्यांच्यातला कुणी गाणारा असेल तर तोही मला ऐकायचाय. बारीला दोन पार्ट्या लागतातच.

म्हणून कार्यकारिणीपुढे प्रस्ताव ठेवतो. पुढच्या मेळाव्यात तासभर मराठी रॅपला द्या, ऑनलाइन का होईना. ‘राजकीय काही नको’ ही अट घालू नका. कुणी उठून गेलं तर जाऊ द्या, जेवण तिकडेच असतं. एक मात्र करा, साउंडवाला चांगला बघा. गेल्या गणपतीत ढोल एवढा चढवला होता की आरतीचे शब्द कुणाच्या कानावर पडले नाहीत. रॅपमध्ये शब्द गेले तर मग काही उरतच नाही.