पोत्यातला कोमट मका

राम राम मंडळी! खानापूर, निपाणी, हुक्केरी, जिथं कुठं रेडिओ लावून धार काढत बसला असाल त्या सगळ्यांना. आज मक्याचं बोलायचंय, म्हणजे त्या मक्याचं जो आपण विकतपण नाही, खातपण नाही, पण टाकवत नाही म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवतो, म्हशीच्या आंबोणाला चालतोय की म्हणून.

परवा एका अक्कांकडं गेलो होतो. म्हैस चार दिवस आंबोणाला तोंड लावेना, दूध निम्म्यावर, आणि रेडकू नुसतं कुंथतंय. अक्का म्हणतात नजर लागली असंल डॉक्टर. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, वर दाणे खडखडीत पण आत कोमट लागलं, आणि हात बाहेर काढला तर बोटांना हिरवट-पिवळी पूड, म्हणजे बुरशी. परतीच्या पावसात भिजलेली कणसं, दोन दिवस ऊन दाखवून भरलेली.

ह्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. 1960 साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, कुणाला काय कळेना, मग सापडलं की ब्राझीलहून आलेल्या शेंगापेंडीत हे होतं. (पेंड घेतानापण वास घेत जावा हं.) मार बसतो लिव्हरवर. बदकं, वासरं लवकर सापडतात, मोठी म्हैस दम धरते, मरत नाही पण आटते, आणि अंगातली ताकद कमी झाली की लस टोचूनपण पाहिजे तसा उपयोग होत नाही. 1974 ला राजस्थान-गुजरातेत असला मका माणसांनीच खाल्ला, शंभरावर माणसं गेली, कुत्रीपण गेली.

आता म्हणाल धुऊन, वाळवून घालतो. बुरशी जाईल ओ, विष तिथंच राहतंय. आणि म्हशीनं आज खाल्लं की एका दिवसात त्यातलं थोडं दुधात उतरतं, उकळलं तरी जात नाही, म्हणजे चहात तुमच्याच. खाणं बंद केलं की चार-पाच दिवसांत दूध निवळतं. ह्याला उतारा असा नाही, पोतं बंद करणं हेच औषध. पुढच्या खेपेला मका दातानं फोडून बघा, कट्ट वाजला तरच भरा.

अक्का लगेच पोतं उकिरड्यावर ओतायला निघाल्या. मी म्हटलं थांबा, तिथं तुमच्या कोंबड्या टिपतात की, खड्डा काढा.