गट चुकीवरून करा

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकवता शिकवताच मुलाला काय कळलं ते पाहणं, आपल्याला नवीन नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, पाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि नोंदवह्याही आल्या. त्या आपण नेमाने भरतो. मी फक्त एवढंच विचारतो, की आज मुलाने जे लिहिलं, त्यामुळे तुमचा उद्याचा तास बदलला का? नसेल, तर ती नोंद त्या मुलाच्या काहीच उपयोगाची नाही.

दशांश अपूर्णांक घ्या. फळ्यावर ०.५, ०.४५, ०.१२५ लिहा आणि सर्वांत मोठी संख्या विचारा. काही मुलं ०.१२५ म्हणतील, कारण एकशे पंचवीस मोठे. ही चूक आपल्या ओळखीची. पण ०.५ म्हणणाऱ्यांतही एक चूक दडून बसते. अंक कमी तितकी संख्या मोठी, असं समजणाऱ्या मुलाचं उत्तर इथे बरोबर येतं आणि आपण पुढे जातो. म्हणून लगेच विचारा: ०.३ मोठा की ०.४२? आता ते मूल सापडतं. दशांश शतांशापेक्षा मोठा असतो, हे त्याला कळलेलं आहे. तीन दशांश म्हणजे तीस शतांश, हे नाही. म्हणजे त्याचा अर्धा विचार बरोबरच आहे, आणि तो वाया जाऊ द्यायचा नाही.

दोघांना एकच उपाय चालत नाही. पहिल्याला शंभर चौकटींचा कागद रंगवायला द्या. दुसऱ्याला संख्यारेषेवर ०.४ ते ०.५ चे दहा भाग करून ०.४२ दाखवायला सांगा, आणि ०.३ कुठे राहिला ते बघू द्या. ज्यांना दोन्ही जमलं, त्यांच्या माथी तीच उदाहरणं पुन्हा मारू नका. ०.४ आणि ०.५ च्या मधल्या संख्या शोधू द्या. त्या संपत नाहीत, हे त्यांचं त्यांना उमगेल.

यात हुशार आणि ढ कुठे आले? गट कालच्या चुकीचा, काम झालं की मोडायचा. गणितात अडलेली मुलगी विज्ञानात दुसऱ्याला समजावताना दिसेल.

विज्ञानाला तर आपल्या नागपुरात साहित्य शोधावं लागत नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले, की दोन संत्री वर्गात न्या. सालीसकट संत्रं पाण्यावर तरंगतं. सोललेलं काय करेल? करून दाखवण्याआधी प्रत्येकाकडून उत्तर आणि कारण चिठ्ठीवर घ्या. ‘हलकं झालं म्हणून तरंगेल’ लिहिणारी मुलं फक्त वजन पाहतात. संत्रं बुडालेलं पाहिलं तरी त्यांचा समज एका झटक्यात जात नाही. त्यांना मातीचा गोळा द्या. गोळा बुडतो, त्याचीच वाटी तरंगते. ‘सालीत हवा असते’ लिहिणाऱ्यांना दोन्ही संत्र्यांचं वस्तुमान आणि आकारमान मोजू द्या, म्हणजे घनता त्यांच्या हाताला लागेल. प्रयोग आधी घरी करून बघा, सगळी संत्री सारखी नसतात.

साठ मुलांच्या चिठ्ठ्या कधी तपासायच्या, असं तुम्ही विचाराल. तपासू नका, वाचा आणि कारणांनुसार तीन ढीग करा. चिठ्ठीवर गुण तर मुळीच देऊ नका. शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. मूल आधी गुण बघतं, मग शेजाऱ्याचे गुण बघतं, आणि शेरा तसाच राहतो.